मोझॅकमागचा माणूस

मानवजातीच्या इतिहासात सत्याचा अंतिम विजय मंगळवार, दिनांक १२ फेब्रुवारी २०४१ रोजी सकाळी दहा वाजता झाला. असत्य, दडपशाही आणि अंधार यांचं राज्य त्या क्षणी संपलं आणि यापुढे पृथ्वीतलावर कुणालाही आपलं तोंड लपवता येणार नाही, असं पत्रकच एका कंपनीने काढलं होतं. त्या ऐतिहासिक क्षणी सत्याचे महाराष्ट्रातले सर्वांत जुने पुजारी प्रभंजन रेडकर हे साताऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत, खांद्यावर टॉवेल टाकून, गिझरवाल्याची वाट बघत बसले होते.

गिझरवाला येणार नव्हता. साताऱ्यातला एकही गिझरवाला येत नसे. चौदा वर्षांपूर्वी रेडकरांनी आपल्या कार्यक्रमात गिझरवाल्यांवर एक भाग केला होता आणि त्या जमातीची स्मरणशक्ती दांडगी निघाली. त्यामुळे सत्याचा अंतिम विजय झाला त्या दिवशी रेडकरांनी गार पाण्याने अंघोळ केली. तो सलग एकोणचाळिसावा दिवस होता.

रेडकर पासष्ट वर्षांचे होते. त्यांचा 'झाकली मूठ' हा कार्यक्रम टीव्हीवर एकवीस वर्षं चालला. शर्टाच्या बटणात कॅमेरा लपवून त्यांनी तीन मंत्री घरी बसवले, एका कुलगुरूंना रजेवर धाडलं आणि एका बाबांना आश्रमाच्या मागच्या भिंतीवरून उडी मारायला लावली. त्यांच्यावर एकोणीस खटले झाले, दोनदा शाई पडली आणि एकदा विधानसभेत त्यांच्या नावाने अर्धा तास आरडाओरडा झाला. तो अर्धा तास त्यांनी रेकॉर्ड करून ठेवला होता. घरात फार शांत वाटायला लागलं की ते तो लावत.

कारण रेडकरांशी कुणी बोलत नसे. कार्यक्रम बंद होऊन दहा वर्षं झाली तरी माणसं आधी त्यांच्या बटणांकडे बघत आणि मग हवापाण्याबद्दल बोलत. बारशाला गेले तर बाळाचं नाव सांगतानाही लोक इकडेतिकडे बघत. त्यांनी बिनबटणांचे टी-शर्ट वापरायला सुरुवात केली, तर लोक चष्म्याकडे बघू लागले. पत्नी सुलभाताई २०१८ सालीच बेळगावला बहिणीकडे निघून गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या होत्या, "डब्यातला शेवटचा लाडू कुणी खाल्ला हे तुम्ही ज्या आवाजात विचारता ना, तो आवाज मला आता ऐकवत नाही. खाल्ला मी. लिहून घ्या."

तर, सत्याचा विजय. त्या सकाळी बाजारात आलेल्या ॲपचं नाव होतं 'उघडीप'. टीव्हीवर साक्षीदाराच्या तोंडावर चौकोन-चौकोन टाकतात, त्याला धंद्यात मोझॅक म्हणतात. उघडीप तो मोझॅक पुसून खालचा चेहरा दाखवत असे. अंदाजाने रंगवलेला नव्हे, खरा.

यामागचं शास्त्र वाटतं तितकं अवघड नाही. समजा, तुमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाच माणसं आहेत आणि मी तुम्हाला फक्त त्यांचं सरासरी वजन सांगितलं. त्यावरून दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंचं वजन तुम्हाला कळणार नाही. काकू सुरक्षित. पण लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबतेय, कधी एक उतरतोय, कधी दुसरा चढतोय आणि दर वेळी मी तुम्हाला नवी सरासरी सांगतोय असं झालं, तर सातव्या मजल्यापर्यंत शाळकरी मुलगाही गणित मांडून काकूंचं वजन काढेल. मोझॅकचा प्रत्येक चौकोन म्हणजे अशी एक लिफ्ट. आत चेहऱ्याचे शेपन्नास ठिपके कोंबलेले, बाहेर दिसते ती त्यांच्या रंगाची सरासरी. चित्र स्थिर असेल तर काकू सुरक्षित. पण टीव्हीवर सेकंदाला पंचवीस चित्रं असतात आणि माणूस बोलताना हलतो. तो केसभर हलला की काही ठिपके या चौकोनातून त्या चौकोनात जातात. वीस मिनिटांच्या मुलाखतीत तीस हजार चित्रं. तीस हजार सरासऱ्यांमधून सबंध नाक बाहेर येतं. आवाजाचंही तेच. तो जाड केला तरी 'स' म्हणताना दातांच्या फटीतून सुटणारी शिट्टी काही लपत नाही.

यातली एक गंमत पत्रकात लिहिलेली नव्हती. जो साक्षीदार दगडासारखा बसला होता, तो उघडीपलाही सापडत नसे. पण घाबरलेला माणूस हलतो. म्हणजे जो जितका घाबरला होता, तितका तो स्वच्छ उमटत होता.

चौथ्या दिवशी तन्वी पाटणकरचा फोन आला. तन्वी एकेकाळी रेडकरांच्या हाताखाली शिकली आणि आता त्याच वाहिनीवर संध्याकाळी सातच्या बातम्या सांगत होती.

"सर, आपण 'झाकली मूठ'चे जुने भाग उघडीपमधून काढतोय. लाइव्ह. गुरुवारी पहिला भाग."

"आणि साक्षीदारांचं काय? आपण त्यांना शब्द दिलाय."

"वकिलांनी बघितलंय, सर. करारात लिहिलंय, 'उपलब्ध तंत्रज्ञानानुसार ओळख लपवली जाईल.' आता तसं तंत्रज्ञानच उपलब्ध नाही. आणि आपण नाही केलं तर दुसरं कुणीतरी घरबसल्या करेल. पहिला भाग तुमच्या पुरस्काराचाच घेतलाय. साखर कारखान्याच्या काट्याचा. तुम्ही स्टुडिओत हवेत."

"का?"

"सर, तुम्ही आणि तो साक्षीदार, बावीस वर्षांनी समोरासमोर! लोक रडतील."

रेडकरांनी होकार दिला. नाही म्हटलं असतं तरी चेहरा बाहेर येणारच होता. निदान त्याच्या स्वागताला आपण हजर असावं, एवढाच विचार त्यांनी केला. कारण महाराष्ट्रात हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं, की त्या मोझॅकमागे प्रभंजन रेडकर बसले होते.

ती भानगड अशी. २०१८ च्या नोव्हेंबरात, गळीत हंगामाच्या तोंडावर, कराडच्या एका दातांच्या दवाखान्यात, दाढ दुखत नसलेली एक बाई रेडकरांशेजारी येऊन बसली. तिचं नाव इंदुमती सरगर. कळंबसरच्या पिंपळाई सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन दौलतराव सरगर यांची ही पत्नी. तिने तोंडावर पदर धरून सगळं सांगितलं. बंगल्याच्या देवघरात, अन्नपूर्णेच्या मागे, तिला एक छोटा रिमोट सापडला होता. फाटकाचा असेल म्हणून तिने दाबला. फाटक हललं नाही. पण खिडकीतून दिसणाऱ्या वजनकाट्यावर आरडाओरडा झाला, कारण उसाने भरलेला ट्रक उभ्या उभ्या दीड टनाने हलका झाला होता. आपला नवरा सबंध तालुक्याचा ऊस कसा मोजतो, ते तिला पूजा करता करता कळलं.

मुलाखत निवृत्ती काळोखेच्या बहिणीकडे ठरली. निवृत्ती हा रेडकरांचा कॅमेरामन. इंदुमतीबाई आल्या, खुर्चीत बसल्या, दिवा लागला आणि चार मिनिटांत उठल्या.

"नाही जमायचं मला, भाऊ. माझं नाव निघता कामा नये. शब्द द्या."

"मरेपर्यंत नाही निघणार, वहिनीसाहेब."

"आणि दूध गॅसवर ठेवून आलेय," असं म्हणून त्या गेल्या.

भाग परवा जायचा होता. माहिती खरी होती, फक्त ती सांगणारं तोंड नव्हतं. निवृत्ती म्हणाला, "साहेब, तुम्हीच बसा. मोझॅकमधे कोण कुणाला ओळखतंय?"

रेडकर बसले. गळ्यात निवृत्तीच्या मेहुण्याचा मफलर, डोक्यावर टोपी. निवृत्ती कॅमेऱ्यामागून कागदावरचे प्रश्न वाचत होता आणि ते उत्तरं देत होते. मग खुर्ची फिरवून, कोट घालून, त्यांनी तेच प्रश्न रिकाम्या खुर्चीला विचारले. जोडल्यावर मुलाखत इतकी छान झाली की रेडकरांचा स्वतःचाच विश्वास बसला. दुसऱ्या आठवड्यात धाड पडली, अन्नपूर्णेमागे रिमोट सापडला, दौलतराव साडेतीन वर्षं आत गेले आणि रेडकरांना पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी म्हटलं होतं, साक्षीदाराला बोलतं करण्याची इतकी विलक्षण हातोटी आमच्या पाहण्यात नाही.

मुलाखतीच्या शेवटी साक्षीदार रडतो. सबंध महाराष्ट्र त्या हुंदक्यावर हळहळला होता. तो कागदावर नव्हता.

निवृत्ती चार वर्षांपूर्वी वारला. म्हणजे आता रेडकरांच्या बाजूने बोलू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. सोमवारी त्यांनी बिनबटणांचा टी-शर्ट घातला आणि कळंबसरची एसटी पकडली. गुरुवारी महाराष्ट्र त्यांना भामटा म्हणणार होता. रेडकरांनी दिलेल्या शब्दातून इंदुमतीबाईंनी मोकळं केलं, एक नाव घेऊ दिलं, तर आयुष्याची कमाई वाचत होती.

व्हरांड्यात आरामखुर्चीत ब्याऐंशी वर्षांचे दौलतराव बसले होते. रेडकरांना बघून त्यांनी हात जोडले.

"या या, रेडकर! आमच्या जल्माचं वाटोळं करणारा माणूस! बसा की. अगं, च्या टाक, पाव्हणं आलंत!"

रेडकर दचकले. गेल्या दहा वर्षांत त्यांना बघून इतकं खूश कुणी झालं नव्हतं.

"तुम्ही रागावला नाहीत?"

"राग कुठवर पुरवायचा? मी पडलो, तसं या पायरीला कोण येत न्हाई. शेवटचं कोण आलतं, तर जनगणनेचा मास्तर. त्यानं बी घरात माणसं किती ते मोजलं आन् गेला." दौलतराव पुढे वाकले. त्यांनी अजून बटणांकडे बघितलं नव्हतं. "बेस्तरवारी दाखवताय म्हणं त्याला. बावीस वर्सं झाली, रेडकर. काट्यावरचा कारकून? डायवर? का देवळातला गुरव? रोज एकाला शिव्या देतो, मग वाटतं, ह्यो नसंल तर? उगा पाप. तेवढा चेहरा बघितला की मी मरायला मोकळा."

समोर जुना टीव्ही चालू होता. त्यावर कीर्तन लागलं होतं, मोठ्या आवाजात.

"बारीक करू का?" रेडकरांनी विचारलं.

"कशानं? रिमोट हाय, त्यात सेल न्हाईत. ही आणू दीना."

इंदुमतीबाईंनी चहा आणला. शहात्तर वर्षांच्या होत्या, पण कप ठेवताना हात थरथरला नाही. "भाऊ, परसात सीताफळ दाखवते, या," म्हणाल्या. फेब्रुवारीत सीताफळाला काय बघायचं असतं, हे दौलतरावांनी विचारलं नाही.

परसात रेडकरांनी सगळं सांगितलं. खुर्चीत कोण होतं, गुरुवारी काय दिसेल.

"मंजी माझं तोंड न्हाई दिसणार?"

"नाही. माझं दिसेल."

"मग बरंच की," म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "तुमाला खोटं पाडतील."

"हो. मग विचारतील, हे तुला सांगितलं कुणी. तेच विचारायला आलोय, वहिनीसाहेब. तुम्ही परवानगी दिलीत तर..."

इंदुमतीबाईंनी झाडाचं एक वाळकं पान काढलं. "त्यास्नी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत न्हाई. पाणीसुदीक. दोन दिस माहेरी गेले तर उपाशी बसत्यात. त्यांना हे कळलं तर ते मला काय करणार न्हाईत, भाऊ. पर माझ्या हातचं खाणार न्हाईत. आन् मग काय खातील?"

रेडकरांनी झाडाकडे वर बघितलं. रेडकर म्हणाले, "सीताफळ चांगलं आहे."

निघताना दौलतरावांनी फाटकापर्यंत हात हलवला. एसटीत बसल्यावर रेडकरांच्या लक्षात आलं, की आपण आज दोन तास माणसांशी बोललो. घसा दुखत होता.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता स्टुडिओत शंभर प्रेक्षक होते. तन्वीने प्रस्तावना केली, ढोल वाजला आणि पडद्यावरचे चौकोन विरघळायला लागले. आधी टोपी आली, मग मफलरवरची नक्षी, मग एक कान. उघडीपला माणसाचा चेहरा पुरा काढायला साधारण दोन मिनिटं लागत. हा चाळीस सेकंदांत आला, कारण शेवटी माणूस रडताना खांदे हलत होते आणि हलणारा चेहरा उत्तम निघतो. पडद्यावर त्रेचाळीस वर्षांचे प्रभंजन रेडकर ढसाढसा रडत होते. समोरच्या खुर्चीत बसलेले, कोटातले प्रभंजन रेडकर त्यांच्याकडे अतिशय सहानुभूतीने बघत होते.

प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

तन्वी हसली नाही. "सर... हे तुम्ही आहात?"

"हो."

"दोन्हीकडे?"

"माणसं कमी होती," रेडकर म्हणाले.

"सर, आम्ही हा भाग शिकलोय. यावरून धडे घेतलेत." तिचा आवाज चिरकला. "सांगा ना, की खरा साक्षीदार होता. तो आला नाही, म्हणून तुम्ही बसलात. देवघरातला रिमोट खरोखर सापडला, सर! तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असणार. कोणी?"

तिने दार उघडून दिलं होतं. नाव जिभेवर होतं. 'सांगणार नाही' एवढं म्हटलं तरी अब्रू वाचत होती. पण साक्षीदार आहे एवढं कळलं असतं, की अर्धा महाराष्ट्र त्याच्या शोधाला निघाला असता. हे रेडकरांइतकं कुणाला कळणार? तो धंदा त्यांनीच लोकांना शिकवला होता.

"कोणी नाही," ते म्हणाले. "मी अंदाजाने ठोकून दिलं. माणूस काहीही लपवायचं झालं तर देवामागेच लपवतो. लागला अंदाज."

सत्याच्या अंतिम विजयाला नऊ दिवस झाले होते आणि प्रभंजन रेडकरांनी टीव्हीवर उघड्या चेहऱ्याने पहिल्यांदाच धडधडीत खोटं सांगितलं. ते कुणाला खोटं वाटलं नाही. त्यांचा चेहरा अगदी स्थिर होता.

"आणि रडणं?" तन्वीने हळूच विचारलं. "तेही नाटक?"

रेडकरांनी पडद्याकडे बघितलं. "नाही. प्रश्न संपले होते. निवृत्तीने कागद खाली ठेवला आणि आपल्या मनाने विचारलं, 'साहेब, घरी बोलायला कोण आहे?' तेवढंच एक खरं आहे त्या भागात. ते ठेवा हवं तर."

ते कुणी ठेवलं नाही. वाहिनीने दोन दिवस हसण्याचा भाग दाखवला, तिसऱ्या दिवशी माफी मागितली आणि चौथ्या दिवशी पुरस्कार परत मागवला. रेडकरांनी तो कुरियरने पाठवला.

पाचव्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. दारात गिझरवाला उभा होता, पिशवी घेऊन.

"तुम्ही?" रेडकर म्हणाले.

"आता काय भ्यायचं, काका?" गिझरवाला मनमोकळं हसला. "तुम्ही उद्या काही सांगितलंत तरी कोण विश्वास ठेवतंय?" आणि कॉइल बदलता बदलता त्याने आपल्या मेहुण्याची भानगड, नगरपालिकेची भानगड आणि मागच्या आळीतल्या तीन घरांत टाकलेल्या जुन्या पार्टांची हकिकत सविस्तर सांगितली. रेडकर स्टुलावर बसून ऐकत होते. 'पुढे?' आणि 'मग?' याखेरीज ते काही बोलले नाहीत. तो गेल्यावर घर पुन्हा शांत झालं. कढत पाण्याने अंघोळ करायला त्यांना पाऊण तास लागला.

अंगावर टॉवेल असतानाच फोन वाजला. दौलतराव होते. मागे कीर्तन मोठ्याने चालू होतं.

"रेडकर, हसून हसून कवळी पडली बघा. तुमीच इचारताय, तुमीच सांगताय!"

"तुमची निराशा झाली असेल. माफ करा."

"छ्या. वकिलाचा फोन आलता. म्हणतो, साक्षीदारच खोटा, अपील करू, नाव धुवून निघंल. मी म्हटलं, गप बस. अपिलात पयला सवाल काय इचारतील? मग सांगितलं कोणी?"

रेडकर टॉवेल सावरत स्टुलावर बसले.

"बावीस वर्सं मी बाप्या हुडकत बसलो," दौलतराव म्हणाले. "तुमी टीव्हीवर बाप्या दाखवला, मंग मी बाप्याच हुडकणार. आता कळलं, तिथं बाप्या नव्हताच. नुसतं तुमी. मग देवघरात जातंय कोण, रेडकर? मी कवा गेलो? रिमोट ठेवाय एकदा गेलो तेवढाच."

"दौलतराव, मी टीव्हीवर सांगितलं ना, अंदाज..."

"ते ऐकलं. लई चांगलं सांगितलंत. आता पुन्यांदा सांगू नका." पलीकडे आरामखुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "तुरुंगात दर सोमवारी डबा घेऊन यायची. साडेतीन वर्सं. एक सोमवार चुकली न्हाई. दर डब्यात कायतरी गोड. मला वाटायचं, पिरेम."

"आणि आता?"

"आता बी पिरेमच. पर एवढं गोड का, ते आत्ता कळलं." ते खाकरले. "तिला कळू द्यायचं न्हाई, मला कळलंय म्हणून. कळलं तर भाकरी थापताना हात थरथरंल तिचा. तुमच्या पोटात राहतंय न्हवं? तेवढ्यासाठीच तुमाला सांगितलं. दुसरं सांगायला हाय कोण मला?"

"राहतंय," रेडकर म्हणाले. त्यांच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. त्यांना आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण प्रश्न सुचत नव्हता आणि उत्तर द्यायची सवय नव्हती.

"या ऐतवारी येताय न्हवं?"

"येतो."

"मग येताना रिमोटचे दोन सेल आणा. बारीक, पेन्सिलवाले. ही म्हणते, या घरात तुमच्या हातात पुन्यांदा रिमोट देणार न्हाई."